तळपायाची आग

(द्वितीय वर्ष कला)

'तळपायाची आग मस्तकात जाणे' हा वाक्प्रचार आपण सर्वांनी शाळेत वाक्यात उपयोग करण्यासाठी पाठ केलेला आहे. मीही केला होता आणि त्यावर गुणही मिळवले होते. पण त्या वाक्प्रचारात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती माझ्या ध्यानात यायला दोन वर्षांपूर्वीचा पौष महिना उजाडावा लागला. आग तळपायापासून मस्तकापर्यंत जाते, ती कुठल्यातरी वाटेने जात असणार. ती वाटच बुजली तर?

मी तेव्हा बारावीला होते. थंडीचे दिवस. आजी न्हाणीच्या चुलीपाशी पाणी तापवत उभी होती आणि मी ओट्यावर पुस्तक घेऊन बसले होते. एकाएकी कातडे जळाल्यासारखा वास आला. "आजी, काय जळतंय गं?" मी विचारले. "गवरी आसंल," ती म्हणाली. मी उठून पाहते तो चुलीतून निसटलेला निखारा तिच्या उजव्या पायाखाली, आणि ती त्यावर निवांत उभी! मी तिला हाताला धरून ओढले, तर तीच माझ्यावर चिडली. "का गं? काय झालं तुला?"

तिच्या तळपायाची आग तिच्या मस्तकापर्यंत पोहोचलीच नव्हती. ती माझ्या नाकापर्यंत पोहोचली, आणि तीही उशिरा.

वार्षिकांकात विद्यार्थ्यांनी निसर्गावर, मैत्रीवर, फार तर राष्ट्रीय एकात्मतेवर लिहावे असा रिवाज आहे. म्हाताऱ्या माणसांच्या पायांवर लेख लिहिते आहे हे ऐकून आमच्या वर्गातील काही मंडळी हसली. हसू द्या. ज्यांच्या घरी म्हातारे माणूस आहे त्यांनी आज घरी गेल्यावर त्याचा तळपाय एकदा उलटा करून पाहावा, मग पुढचे वाचावे.

माझ्या आजीचे पाय म्हणजे काय ते आधी सांगते. आमचे गाव माणदेशातले. १९७२ च्या दुष्काळात ती नवी नवरी होती आणि रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जात होती. आज ज्या डांबरी रस्त्याने एस. टी. मला कॉलेजला आणते, त्याच्या खालची खडी तिच्यासारख्या बायांनी फोडलेली आहे, तीही अनवाणी. पुढे सारी हयात दुसऱ्याच्या रानात गेली. बाभळीचा काटा मोडला तर सुईने काढायचा, भेगांत मेण भरायचे, पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या तर तेल-हळद लावायची, कुरूप झाले तर ब्लेडने तासायचे. आपल्या भाषेत पायाच्या दुखण्यांना किती नावे आहेत पाहा : भेगा, चिखल्या, कुरूप, घट्टा, नखुरडे. ज्या लोकांनी ही नावे पाडली ते पायांवर जगत होते. यांपैकी एकाही नावासाठी सरकारी दवाखान्यात वेगळी खिडकी नाही.

आजीला साखर निघाली त्याला सात-आठ वर्षे झाली. दर महिन्याला ती आरोग्य केंद्रात जाऊन गोळ्या आणते. मी बहुतेक वेळा बरोबर असते, म्हणून डोळ्यांनी पाहिलेले लिहिते. केंद्राच्या दारावर पाटी आहे, 'कृपया पादत्राणे बाहेर काढावीत.' आजी आपली झिजलेली रबरी स्लिपर बाहेर काढते आणि फरशीवरून अनवाणी आत जाते. आत तिचे वजन होते, रक्तदाब पाहतात, बोटाला टोचून साखर पाहतात, गोळ्या देतात. सारे विनामूल्य, आणि बहुतेक वेळा गोडीने. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण इतक्या वर्षांत 'आजी, पाय वर घ्या बघू' असे तिला कोणी म्हटलेले मी ऐकले नाही. तिची स्लिपर बाहेर पडलेली असते. तिचा एका अंगाला झिजलेला तळ कोणी उलटून पाहिला असता, तरी आजीच्या पायाचा कोणता भाग जास्त भार सोसतो आहे ते त्या चपलेनेच सांगितले असते. डॉक्टर आत आणि साक्षीदार बाहेर, असा हा कारभार.

आणि विचारायचे कोणाला सुचलेच नाही म्हणावे, तर तसेही नाही. तीस वर्षांवरील सगळ्यांची घरोघर माहिती घ्यायचा जो लांबलचक फॉर्म आशाताई भरून नेतात, त्यात हातापायांना मुंग्या येतात का, बधिरपणा आहे का, तळपायाला वारंवार जखम होते का, हे प्रश्न स्पष्ट छापलेले आहेत. साठीच्या वरच्यांना उभे राहताना किंवा चालताना तोल जातो का, असेही विचारतात. आजीच्या उत्तरांपुढे आशाताईंनी आमच्या देखत 'होय' अशी खूण केली. ती खूण कुठे गेली? आशाताईंना विचारले तर त्या म्हणाल्या, "अगं बाई, मी वर पाठवला फॉर्म." वर म्हणजे कुठे ते त्यांनाही सांगता येईना. त्यांना बोल लावण्यात अर्थ नाही. एवढ्या घरांचे फॉर्म त्या तुटपुंज्या मोबदल्यात भरतात. प्रश्न विचारण्याची सोय केली आणि उत्तराची सोय करायची राहून गेली, एवढेच मला म्हणायचे आहे.

निखाऱ्याच्या जखमेचे पुढे काय झाले ते थोडक्यात सांगते, कारण ते लिहिताना मला त्रास होतो. दुखत नव्हते, म्हणून आजीने ते मनावर घेतले नाही. दुखत नाही म्हणजे बरे होते आहे, असा तिचा हिशेब. आणि मी विज्ञानाची पुस्तके वाचलेली मुलगी, माझाही हिशेब तोच होता. पायपोसावर पू दिसला तेव्हा तीन आठवडे उलटले होते. जिल्ह्याच्या ठिकाणी एका रुग्णालयात तिच्या उजव्या पायाची दोन बोटे काढली. शस्त्रक्रिया योजनेच्या कार्डावर झाली, आम्हाला तिचा एक पैसा द्यावा लागला नाही. वडिलांची बुडालेली मजुरी आणि गाडीभाडे तेवढे गेले. घरी आल्यावर वडील म्हणाले, "सरकारनं लई केलं." खरेच केले. पण त्या रात्री माझ्या डोक्यात एक वाक्य फिरत राहिले : बोट कापायला योजना आहे, नख कापायला नाही.

आता थोडे शास्त्र. मधुमेह पुष्कळ वर्षे अंगात राहिला की पायांच्या नसा हळूहळू मरतात. प्रथम मुंग्या, आग. मग काहीच नाही. पायातून चप्पल निसटून पडते आणि माणूस तसाच पुढे चालत जातो. आजीचे असे अनेकदा झाले आणि आम्ही सारे घरदार तिच्या विसरभोळेपणाला हसलो. घाम येणे थांबते, कातडी कोरडी पडून फुटते. ज्या जागी भार जास्त तिथे घट्टा होतो आणि घट्ट्याच्या खाली, वरून न दिसणारी जखम होते. रक्तपुरवठा कमी असला की ती भरत नाही. या साऱ्या साखळीत दुखणे कुठेच नाही, आणि आपला गरीब माणूस दुखल्याशिवाय दवाखान्यात जात नाही, कारण जायचे म्हणजे रोज बुडवायचा. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पाहणीचा जो निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाला, त्यानुसार देशात मधुमेहाची सुमारे १० कोटी १० लाख माणसे आहेत. हा श्रीमंतांचा रोग, हे आपण पूर्वी ऐकत आलो; आता तो खडी फोडणाऱ्यांच्या घरात आहे.

बधिर पाय ओळखायला मोठे यंत्र लागत नाही. दहा ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा एक दोरा असतो. तो तळपायाला टेकवून डोळे मिटलेल्या माणसाला 'कळले का' विचारायचे. तोही नसेल तर बोटाच्या टोकाने त्याच्या पायाच्या बोटांना अलगद स्पर्श करून विचारायचे. एवढीच परीक्षा! आपल्या अंतर्गत परीक्षेपेक्षाही सोपी.

आता मी ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येते.

आमच्या आळीत एक वृद्ध गृहस्थ राहतात. आम्ही त्यांना तात्या म्हणतो. त्यांना तरुणपणी कुष्ठरोग झाला होता. औषधाने तो पूर्ण बरा झाला, पण पाय बधिर राहिले ते राहिलेच. तात्यांना आरोग्य खात्याकडून चपला मिळतात. आतला तळ जाड मऊ रबराचा, खालचा कडक. त्यात एकही खिळा नसतो, सगळे चिकटवलेले, कारण बधिर पायात खिळा घुसला तर कळणार नाही. मागे पट्टा असतो, म्हणजे निसटत नाही. तात्यांना पाय पाण्यात भिजवून, घट्टा दगडाने हलके घासून, तेल लावून, रोज तळवे पाहण्याची रीतही कुणीतरी नीट शिकवली आहे. स्वतःचा तळपाय पाहायला ते दाढीचा आरसा जमिनीवर ठेवतात. हे काम ते देवपूजेइतक्या नेमाने करतात. त्यांचे वय आजीपेक्षा जास्त आणि पाय आजीपेक्षा कितीतरी चांगले.

आजीची बोटे गेल्यावर एकदा तात्या विचारपूस करायला आले. त्यांनी तिचा पाय पाहिला आणि म्हणाले, "वहिनी, तुमचा पाय माझ्यासारखाच हाय की. मला चप्पल भेटती, तुम्हाला का न्हाई?"

या प्रश्नाचे उत्तर शोधायला मी ग्रंथालयात बसले, आणि जे वाचले त्याने थक्क झाले. महाराष्ट्रात कुष्ठसेवेची परंपरा मोठी आहे. मनोहरजी दिवाणांनी वर्ध्याजवळ दत्तपूरला १९३६ साली काम सुरू केले. बाबा आमट्यांचे आनंदवन तर सर्वांना ठाऊक आहे. कुष्ठरोग्याची बोटे रोगाने 'झडतात' अशी सर्वांची समजूत होती. डॉ. पॉल ब्रँड १९४६ साली वेल्लोरला आले, आणि त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की बोटे रोगाने झडत नाहीत. वेदना नसल्यामुळे भाजणे, टोचणे, घासणे कळत नाही आणि त्या जखमांनी ती जातात. म्हणजे पायाला जपले, योग्य चप्पल दिली, तर पाय वाचतो. हेच ब्रँड १९६६ साली अमेरिकेत कार्व्हिलच्या कुष्ठरुग्णालयात गेले आणि तेथे याच विद्येचा उपयोग मधुमेही माणसांच्या पायांसाठीही झाला.

विचार करा! भारतातल्या कुष्ठरोग्यांच्या पायांवरून जी विद्या जगाला मिळाली, ती सातासमुद्रापार मधुमेह्यांच्या उपयोगी पडली. आणि आमच्या गावच्या आरोग्य केंद्रात ती एका कपाटातून शेजारच्या कपाटात जाऊ शकत नाही. कारण कुष्ठरोगाचा राष्ट्रीय कार्यक्रम वेगळा, मधुमेहासारख्या रोगांचा २०१० साली सुरू झालेला कार्यक्रम वेगळा, वृद्धांच्या आरोग्याचा त्याच सुमारास सुरू झालेला तिसरा. प्रत्येकाची वही वेगळी. शासनाने माणसाचा पाय रोगांच्या खात्यांत वाटून टाकला आहे. माझे म्हणणे एवढेच आहे की पाय बधिर आहे की नाही हे पाहावे. तो कशाने बधिर झाला हे चप्पल देताना पाहू नये.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. ती दिली नाही तर हा लेख खोटा ठरेल.

तात्या पुढच्या वेळी खरोखरच आपला एक नवा, न वापरलेला जोड घेऊन आले. "मापाला बघा," म्हणाले. आजीने घातला नाही. आई म्हणाली, "लोक काय म्हणतील? तसल्या चपला वळखू येत्यात." आणि मी? मी पदवीच्या वर्गात बसणारी, फुले-आंबेडकरांवर निबंध लिहिणारी; मीही गप्प बसले. कारण त्या चपला गावात खरोखरच ओळखू येतात. तात्या जोड परत घेऊन गेले. जाताना काही बोलले नाहीत. त्यांना हे नवीन नव्हते.

पुष्कळ दिवसांनी माझ्या लक्षात आले की तात्यांची चप्पल ओळखू येते, कारण ती फक्त तात्यांनाच मिळते. साखरेच्या म्हाताऱ्या, वयाने पाय सुन्न झालेले आजोबा, पाठीच्या दुखण्याने पायातली संवेदना गेलेला हमाल, अशा सगळ्यांच्या पायांत ती आली, तर कोणाची कोणती ते कोण ओळखणार? आजीचा पाय वाचेल आणि तात्यांची चप्पल निव्वळ चप्पल होईल. एका खर्चात दोन कामे होण्याची ही संधी, असे आमच्या अर्थशास्त्राच्या सरांच्या भाषेत म्हणता येईल.

खर्चाचा विषय निघालाच आहे, तर बोलू. 'सरकारने काय काय म्हणून करायचे? म्हाताऱ्या माणसांची नखे कापणे हे घरच्यांचे काम आहे,' असे एका प्राध्यापकांनी मला चर्चेत ऐकवले. त्यांच्याविषयी मला आदर आहे, आणि त्यांच्या म्हणण्यात काही अंशी तथ्यही आहे. इंग्लंडमध्ये १९४८ पासून राष्ट्रीय आरोग्य सेवा आहे. तिथे मधुमेह असलेल्या माणसाचे पाय वर्षातून एकदा तपासण्याची पद्धत आहे, पण नुसती नखे कापून देण्याचे काम तिथेही बहुतेक ठिकाणी सरकारी सेवा करत नाही. सेवाभावी संस्था पैसे घेऊन ते करतात. तेव्हा सगळे सरकारवर टाका असे मी म्हणत नाही. पण ज्यांच्या घरची माणसे पुण्या-मुंबईला पोटामागे गेली आहेत, ज्यांना मूलबाळ नाही, ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही आणि कमरेत वाकता येत नाही, त्यांच्या पायांपर्यंत कोणाचे हात पोहोचणार? आणि घरी माणसे असूनही, शिंगासारखे कडक झालेले नख, त्याखाली बधिर बोट आणि अंगात साखर, असा पाय घरच्या ब्लेडने हाताळणे म्हणजे संकटाला निमंत्रण. मी स्वतः आजीचे कुरूप ब्लेडने तासलेले आहे. आज तो विचार मनात आला तरी अंगावर काटा येतो.

पूर्वी गावात हे काम न्हावी करत असत. त्यांच्या धोकटीत नऱ्हाणी असे. हजामतीबरोबर नखेही निघत. बायकांची मात्र नाही, हे आजीने मला सांगितले. बलुते गेले ते बरेच झाले; त्यात माणसाला जन्माने काम चिकटवलेले होते. पण बलुत्याबरोबर ते काम संपले नाही, करणारे हात तेवढे गेले. आणि आता ते कोणी करायचे म्हटले की आपल्या मनातली जुनी उतरंड जागी होते. पाय म्हणजे शरीराचा सर्वांत खालचा, 'हलका' अवयव. डोळ्यांच्या शिबिराला पुढारी उद्घाटनाला येतात, फोटो निघतात. नखे कापण्याच्या शिबिराचे उद्घाटन कोण करील?

आणि गंमत अशी की पायांना इतका मान देणारा समाज दुसरा नसेल! आपण वडीलधाऱ्यांच्या पाया पडतो. आषाढात वारी निघाली की वाटेवरच्या गावांतले लोक वारकऱ्यांचे पाय चेपतात, तेल लावतात, कुणी त्यांच्या चपला फुकट शिवून देतात. ते पाहून डोळे भरून येतात. पण नमस्कार आपण पावलाच्या वरच्या बाजूला करतो. तळवा कोणी पाहत नाही. खुद्द आजीलाही आपला पाय कोणाला दाखवायची लाज वाटते. जखमेनंतर प्रथमच एक तरुण डॉक्टर तिच्या पायाशी वाकले, तेव्हा तिने पाय लुगड्याखाली ओढून घेतला. "नगा सायेब, पायाला हात नगा लावू," असे ती म्हणाली. एवढा शिकलेला माणूस आपल्या पायाला हात लावतो आहे याचे तिला पाप वाटत होते! ज्या सेवेची मी मागणी करते आहे, तिच्यात हेही धरावे लागेल. पाय पाहणारी शक्यतो बाईमाणूस हवी, आडोसा हवा, आणि थोडा वेळ हवा.

शासनाकडे याचा विचार अगदीच नाही असे नाही. २०२४ साली राज्यात मुख्यमंत्री वयोश्री योजना आली. ६५ वर्षांवरील गरजू वृद्धांना साधने घेण्यासाठी एकदा ३००० रुपये. चष्मा, श्रवणयंत्र, काठी, गुडघ्याचा पट्टा, कमरेचा पट्टा अशी नावे मी जाहिरातीत वाचली. चपलेचे नाव मला दिसले नाही. संसदेने २०२१ साली आरोग्यक्षेत्रातील सहयोगी व्यवसायांविषयी जो कायदा केला, त्याच्या परिशिष्टात 'पोडियाट्रिस्ट' म्हणजे पायांची निगा राखणारा तज्ज्ञ, हा शब्द आलेला आहे. कायद्यात शब्द आला हे चांगलेच. पण तो तज्ज्ञ आमच्या तालुक्याला यायची वाट पाहत बसलो तर आजीचे उरलेले आठ बोटांचे पाय तोवर टिकतील याची खात्री कोण देणार? मला वाटते, आहे त्या परिचारिकेला, आहे त्या आशाताईला थोडे शिकवून, त्याचा वेगळा मोबदला देऊन, आठवड्यातून एक दुपार 'पायांची' ठरवता येईल. घमेले, कोमट पाणी (गरम नाही, बधिर पायाला गरम पाणी भाजते आणि कळत नाही), चांगले नखकापे, तेल, तो नायलॉनचा दोरा आणि एक वही. ज्याचा पाय बधिर निघेल त्याला चपलेची चिठ्ठी. बस्स.

हे होऊ शकते का, ते थोडेसे आजमावूनही पाहिले. यंदा राष्ट्रीय सेवा योजनेचे आमचे श्रमसंस्कार शिबिर ज्या गावी होते, तिथे सात दिवसांत आम्ही नेहमीप्रमाणे गटार काढले, भिंतीवर घोषणा रंगवल्या. शेवटच्या दोन दिवशी कार्यक्रमाधिकाऱ्यांची परवानगी घेऊन आणि तेथील परिचारिकाबाईंना बरोबर घेऊन आम्ही काही मुली म्हाताऱ्या माणसांच्या घरी गेलो. डोळे मिटायला सांगून बोटांना स्पर्श केला. एक आजी हात लावण्याआधीच 'कळलं, कळलं' म्हणत राहिल्या. आम्ही तर नुसत्याच बसलो होतो. त्यांना वाटत होते, कळले नाही म्हटले तर ही पोरे नापास करतील. त्यांच्या टाचेत खडा रुतून बसलेला होता. तो किती दिवसांचा, हे त्यांना सांगता येईना. एका आजोबांची नखे इतकी वळली होती की ती शेजारच्या बोटात शिरत होती. परिचारिकाबाई म्हणाल्या, "मी यांना दर महिन्याला गोळ्या देते गं," आणि बराच वेळ त्या आजोबांच्या पायाशी बसून राहिल्या. पहिल्या दिवशी जी मुले आम्हाला हसली होती, त्यांपैकी दोघे दुसऱ्या दिवशी पाण्याच्या बादल्या घेऊन आले. हात लावायला मात्र कचरत होते. असो, बादल्या तर आणल्या.

आजीसाठी मी आरोग्य केंद्रात तशा चपलांची तोंडी विनंती केली होती. तेथील कर्मचाऱ्यांनी सौजन्याने सांगितले, की तो साठा कुष्ठरुग्णांच्या नावावर येतो, दुसऱ्याला दिला तर हिशेब लागत नाही. त्यांचेही खरे आहे. म्हणून या वेळी लेखी अर्ज केला आहे. अर्जाला आजीच्या पायांचे माप जोडायचे होते. तात्यांनी सांगितल्याप्रमाणे वर्तमानपत्राच्या कागदावर तिला उभी केले आणि पेन्सिलीने पावलांभोवती रेघ मारली. डावा पाय पाच बोटांचा, उजवा तीन बोटांचा. रेघ मारताना आजी विचारत होती, "झालं का गं? पेन्सिल फिरतीया का थांबलीया?" चपला आल्या तर घालीन, असे ती आता म्हणते. आईने अजून होकार दिलेला नाही. अर्जावर तात्यांनी साक्षीदार म्हणून सही केली आहे, आणि सोमवारी तो घेऊन आम्ही दोघे तालुक्याला जाणार आहोत.